मधल्या तळ्याचा चिखल

कोणी विश्वास ठेवला नाही. मोठ्या बाईंनी नाही, चित्रकलेच्या सरांनी नाही, पोटच्या लेकीनेसुद्धा नाही. मावशी तोंडाने फटकळ, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. ती कोणाची भीडभाड ठेवत नाही, हेही ठाऊक होतं. पण ती खोटं बोलते, असं एकोणीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. आणि त्या पंधरा दिवसांत जो तो तिच्याकडे असा बघायचा, जसं उन्हात फार वेळ उभं राहिलेल्या माणसाकडे बघतात. दया येते आणि हसूही येतं, तसं.

मावशी म्हणजे शाळेची मावशी. वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, पाणी भरायचं, पडलेल्या पोरांचे गुडघे धुवायचे, सगळं तिच्याच अंगावर. मुलांची ती मावशी, म्हणून बाईंचीही मावशी, आणि तपासणीला साहेब आले की त्यांचीही मावशीच. शिक्षण चौथीपर्यंत. पण बाप मेंढपाळ होता, आणि जमिनीवर उमटलेलं वाचायला तिला कोणत्याही शाळेत जावं लागलं नव्हतं.

त्या वर्षी शाळेला नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्या शाळेमागच्या मैदानात गेल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. मैदान म्हणजे काय, लाल मुरमाची कडक जमीन. दुपारी तव्यासारखी तापायची. ना झाड, ना गवताची काडी.

"मावशी, इथे साधी मुंगीसुद्धा थांबत नाही," बाई म्हणाल्या.

"थांबेल कशाला? तिचे पाय भाजतात," मावशी म्हणाली.

बाई हसल्या, पण ते त्यांच्या मनाला लागलं असावं. आठवड्याभरात ठरलं. अर्धं मैदान खेळायला ठेवायचं आणि अर्ध्यात बाग करायची. बाग माणसांसाठी नाही. पाखरं, किडे, बेडूक, साप, जे येईल त्याच्यासाठी. आणि बागेचा आराखडा चौथीच्या मुलांनी करायचा.

चौथीत बावीस मुलं. प्रत्येकाने एक पाहुणा निवडायचा. तो काय खातो, पाणी कुठे पितो, निजतो कुठे, घाबरला तर दडतो कुठे, हे सगळं शोधून कागदावर मांडायचं. एकाने सरडा घेतला, त्याच्यासाठी दगडांची रास. एकीने रानमाशी, म्हणजे एकटी राहणारी मधमाशी घेतली, तिच्यासाठी पोकळ काड्यांची जुडी. घुबडाला उंच खोका, मुंगसाला ओंडक्यांचा ढीग, फुलपाखराला न कापलेलं गवत. वटवाघूळ घेणाऱ्या मुलीला तर कोणी शेजारी बसू देईना. मावशीची नात चिंगी त्याच वर्गात. तिने गोगलगाय घेतली. बाकीच्यांनी चिडवलं, तर म्हणाली, तिचं घर तिच्या पाठीवर आहे, मला काम कमी.

मावशी हे सगळं झाडू टेकून बघायची. माणसांची घरं बांधताना कोणी एवढा विचार केला असता, तर तिच्या खोलीला एखादी खिडकी तरी आली असती, असं तिच्या मनात यायचं. पण तिलाही ते आवडायला लागलं होतं. पण तसं कबूल करणारी ती नव्हती.

पहिली ठेच लागली ती तळ्याला. चित्रकलेच्या सरांनी तळं काढलं होतं कोपऱ्यात, नळाजवळ. पाणी भरायला सोपं. सरळ गोष्ट होती. पण मुलं म्हणाली, तळं मधोमध हवं. बाईंनी हात वर करायला सांगितले. बावीसच्या बावीस हात वर गेले.

आता ज्याने कधी वर्ग झाडलाय त्याला विचारा. बावीस पोरांचं खिडकी उघडायची की लावायची यावरसुद्धा एकमत होत नाही. बाईंना मात्र कौतुक वाटलं. मुलांची बाग आहे, मुलं ठरवतील, म्हणाल्या.

घरी जाताना मावशीने चिंगीला विचारलं, "मध्यावर तळं कोणाच्या डोक्यातून निघालं गं?"

"ती म्हणाली."

"ती कोण?"

"ती. आमच्यातलीच." चिंगीने रस्त्यातला दगड पायाने उडवला. "ती म्हणाली तिथे गार असतं."

"नाव काय तिचं?"

"विचारलं की ती गप्प बसते," चिंगी म्हणाली. "मग आम्ही विचारत नाही."

मावशीने ते तेव्हा सोडून दिलं. पोरं खेळात काय काय धरून बसतात.

मग प्रश्न आला पाणी टिकायचा. सर म्हणाले, खाली प्लास्टिक अंथरू. बाई म्हणाल्या, नको. आणि तिथे मावशीची जीभ पुढे धावली. ती म्हणाली, "माझा बाप माळावर पाणवठा करायचा तेव्हा कुठलं आलंय प्लास्टिक. खड्ड्यात चिकणमाती टाकायची, पाणी मारायचं आणि मेंढरं गोल गोल फिरवायची. खुरांनी चिखल असा घट्ट बसतो, की वर्षभर थेंब झिरपत नाही."

बाईंचे डोळे चमकले. "मेंढरं नाहीत आपल्याकडे," त्या म्हणाल्या, "पण बावीस मुलं आहेत."

सगळे हसले. मावशीही हसली. कोणी तिचं म्हणणं एवढ्या मानाने ऐकून घ्यायची ती पहिलीच वेळ. पुढे कितीतरी दिवस ते हसणं आठवलं की ती हातातलं काम टाकून उठायची.

खोदायच्या आधी बाईंना बघायचं होतं, मैदानात आताशा कोण कोण येतं ते. मावशीने उपाय सांगितला. तळ्याच्या जागी पाण्याने भरलेली परात ठेवली. भोवती चार हात रुंद गोल पट्टा आखला आणि त्यावर चाळणीने चाळलेली बारीक वाळू पसरून फळीने सपाट केली. संध्याकाळी शाळा बंद करताना वाळू सपाट करायची, सकाळी उघडताना वाचायची.

पहिल्याच सकाळी वाळू भरून गेली होती. मुंगसाची पावलं होती, खारीची होती, साप गेल्याची लाट होती, चिचुंद्रीची शेपटी घासल्याची रेघ होती. मुलं नाचायला लागली. यादीवर खुणा करायला लागली. मावशी मात्र उकिडवी बसून राहिली.

सगळे प्राणी पाण्यापर्यंत आले होते आणि एकही पाण्याला गेला नव्हता. पट्ट्याच्या अर्ध्यात येऊन प्रत्येक पाऊल वळलं होतं. मुंगूस वळलं होतं, सापही वळला होता. सगळ्यांनी त्या जागेला बाहेरून वळसा घातला होता आणि आले तसे गेले होते. परातीतलं पाणी काठोकाठ.

एकच माग आरपार गेला होता. लहान मुलाचं अनवाणी पाऊल, पाचही बोटं फाकलेली. आतून बाहेर निघालेलं.

तिने सरांना बोलावलं. सर म्हणाले, "संध्याकाळी कोणीतरी पोर येऊन खेळून गेलं असेल."

"मग आत जाणारं पाऊल दाखवा."

"आत उडी मारली असेल, मावशी."

"पोर होतं की टोळ? चार हात पट्टा आहे."

सर हसले. मावशीने त्या पावलात बोट घातलं. भोवतालची वाळू कोरडी ठणठणीत, आणि पावलाच्या आत ओल. बोटांच्या खोबणीत काळा चिखल. काळाही नाही, निळसर काळा, लोण्यासारखा मऊ. त्या मैदानात सगळी जमीन लाल. तिने बोट नाकाशी नेलं. वर्षानुवर्षं झाकण न उघडलेल्या टाकीचा असतो तसा वास आला.

दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्या सकाळीही तेच. आतून बाहेर, आतून बाहेर. परत जाणारं पाऊल एकही नाही. आणि ती पावलं पट्टा ओलांडून कडक मुरमावर जिथे पुसट होत, तिथून समोर चौथीचा वर्ग होता.

मावशी बाईंच्या खोलीत गेली, दार लावलं आणि म्हणाली, "तिथे खणू नका."

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चांगली बाई होती, वाईट म्हणवत नाही. मग विचारलं, "खाली काय आहे असं वाटतं तुम्हाला?"

"ठाऊक असतं तर घाबरले असते का?"

बाईंनी तिला पाणी दिलं. म्हणाल्या, ऊन फार आहे, दोन दिवस रजा घ्या. तरी तिच्या समाधानासाठी सरांनी त्या जागी पहार मारून बघितली. चार ठिकाणी मारली. चारही ठिकाणी मांडीभर खोलीवर दगड लागला, खणकन. सर खूश. म्हणाले, बघा, जमीन पक्की आहे, आपल्याला तळाला तयार फरशी मिळाली. दगड एवढा सपाट कसा, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही.

लेकीला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, पोरांसमोर असलं काही बोलू नकोस. तुझी नोकरी जाईल आणि चिंगीला वर्गात चिडवतील."

म्हणजे झालं. चिखल तुडवायचा दिवस ठरला. त्या बावीस पोरांत चिंगी होती, आणि मावशीला दुसरं काही सुचत नव्हतं. सकाळी उठून तिने चिंगीच्या चपला माळ्यावर लपवल्या. चिखल तुडवायला चपला लागतच नाहीत, हे तिच्या डोक्यात चिंगी अनवाणी पळत गेल्यावर आलं.

सकाळचे अकरा. ऊन लख्ख. रात्र नव्हती, वारा नव्हता, भीती वाटावी असं काही म्हणजे काही नव्हतं. मांडीभर खोल, गोल खड्डा, त्यात ओली चिकणमाती, आणि आत बावीस पोरं, कपडे गुडघ्यापर्यंत दुमडलेले. सर काठावरून ताल देत होते. पोरांनी एकमेकांचे हात धरून रिंगण केलं आणि ती गोल फिरायला लागली. घसरत होती, किंचाळत होती, हसत होती. मावशी काठावर उभी राहून डोकी मोजत होती. तेवढंच तिच्या हातात होतं.

बावीस. पुन्हा मोजली. बावीस.

हळूहळू हसणं कमी झालं. मावशीला आधी वाटलं, दमली. मग तिच्या लक्षात आलं की पावलं एका तालात पडताहेत. थप... थप... थप. मेंढरांचे खूर कधी एका तालात पडत नाहीत. पोरांचे तर नाहीतच नाहीत. सर ताल द्यायचे थांबले होते, तरी ताल चालू होता.

लहानपणी ती कळपापुढे चालायची, तेव्हा मागे न बघता आवाजावरून सांगायची, एक कमी आहे म्हणून. बाप मोजायचा, तर खरंच एक कमी असायचं. तिने डोळे मिटले आणि ऐकलं.

एक जास्त होतं.

तिने डोळे उघडले आणि या खेपेला डोकी मोजली नाहीत, हात बघितले. चिंगीचा डावा हात आणि ढोल्या नावाच्या गुबगुबीत पोराचा उजवा हात, दोन्ही लांब ताणलेले. मध्ये एका पोराएवढी जागा रिकामी. चिंगीची मूठ वळलेली होती. ढोल्याचीही. काहीतरी धरल्यासारखी. आणि त्या रिकाम्या जागेखाली चिखल दबत होता. थप. उजवं पाऊल. थप. डावं.

"सर," ती म्हणाली. "सर... थांबवा."

"छान चाललंय की," सर म्हणाले. पण तेही हळूच बोलले. का ते त्यांनाही कळलं नसेल.

आणि मग ते आले.

आधी सरडा आला. भर उन्हात, माणसांच्या पायांमधून चालत, खड्ड्याच्या काठावर येऊन बसला. मग भिंतीवरून खारी उतरल्या. कुंपणाखालून मुंगूस आलं, आणि त्याच्या अंगाला अंग लागेल एवढ्या जवळून साप आला. दोघं शेजारी शेजारी थांबले. कोणी कोणाकडे बघितलं नाही. बेडूक आले. त्या मैदानात बेडूक कुठून येणार? पण आले, ओळीने, जणू कोणी घंटा दिली होती. रानमाश्या आल्या, त्यांचा आवाज नव्हता. त्या दगडांवर उतरल्या आणि पंख मिटून बसल्या. फुलपाखरं गवतावर बसावीत तशी सरांच्या खांद्यावर बसली, आणि सर हलले नाहीत. खेळायच्या अर्ध्यातल्या फुटबॉलच्या गोलच्या जाळीला वटवाघळं येऊन लटकली. सगळ्यात शेवटी घुबड आलं. उन्हात, डोळे सताड उघडे ठेवून, पंखाचा एवढासाही आवाज न करता काठावर उतरलं.

मावशीने आयुष्यात बरंच बघितलं होतं. बापाबरोबर माळावर ताऱ्यांखाली निजली होती, डोळ्यांसमोर वीज पडताना बघितली होती. पण असं काही नाही. खड्ड्याभोवती जिवंत कडं झालं होतं. एवढे जीव, आणि श्वासाचाही आवाज नाही. त्यांच्यातलं कोणी माणसांकडे बघत नव्हतं, पोरांकडेही नाही. सगळ्यांची तोंडं एका जागेकडे होती. चिंगी आणि ढोल्याच्या मधल्या जागेकडे. त्यांना तिथे काय दिसत होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण मावशीला वाटलं, आपण चप्पल काढून उभं राहायला हवं होतं.

बाईंच्या हातात यादी होती. त्या एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचत होत्या, आणि एकेक नाव समोर बसलेलं होतं.

पोरं थांबली. मग एकेकाला आपापला पाहुणा दिसला. सरड्याच्या पोराने हात सोडले आणि तो काठावर चढला. मग घुबडाची मुलगी. मग दोघं, मग चौघं. कोणी ओरडलं नाही, ढकललं नाही. प्रत्येक पोर आपल्या प्राण्यापुढे जाऊन उभं राहिलं. ढोल्याने हात सोडवून घेतला, तो पँटला पुसला, आणि आपल्या बेडकाकडे गेला.

खड्ड्यात एकटी चिंगी उरली. तिचा डावा हात तसाच लांब.

"चिंगे, वर ये."

"माझी गोगलगाय यायचीय अजून."

"तिची वाट वरून बघ."

चिंगीने मान वळवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आजी," ती हळू म्हणाली, "ही सोडत नाही..."

मावशीने वयाचा विचार केला नाही, चिखलात उतरली. उतरताच पायांना कळलं. खालची फरशी हलत होती. मध्यावरचा चिखल दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. ती नातीजवळ गेली, तिला मिठी मारली, आणि त्या रिकाम्या जागेतून गार हवा तिच्या कमरेला लागली. तोच टाकीचा वास.

"सोड तिला," ती म्हणाली.

थप. एक पाऊल मागे, मध्याकडे. चिंगी एक पाऊल ओढली गेली. तिच्या पाठोपाठ मावशीही. खाली काहीतरी करकरलं.

मावशी भांडकुदळ बाई. कोणाला कधी हार गेली नाही. पण तिथे भांडण कोणाशी करायचं? ती हवा तिच्या कमरेएवढीच उंच होती. एकोणीस वर्षं तिने शाळा सुटल्यावर फाटकाशी उरलेली पोरं बघितली होती. सगळ्यांचे आईबाप येऊन जायचे, आणि एखाद्याचं कोणी यायचं नाही. ते पोर मग असंच जे हाताला येईल ते घट्ट धरून ठेवायचं. फाटकाचा गज, तिची बाही, काहीही. त्यांना ती जे सांगायची, तेच तिच्या तोंडून निघालं.

"रडू नको," ती म्हणाली. "कोणी न्यायला आलं नाही ना तुला? मी आहे. हिला वर ठेवते, आणि लगेच तुला न्यायला येते. माझ्याबरोबर चल घरी. माझा शब्द आहे."

बराच वेळ काही झालं नाही. काठावरचे ते सगळे डोळे हलले नाहीत.

मग चिंगीचा हात खाली पडला. बोटं निळी झाली होती आणि मनगटाभोवती चार काळ्या रेघा होत्या.

मावशीने तिला उचललं. काठापर्यंत सात पावलं. तिने पोरीला वर बसवलं आणि स्वतः वर चढून काठावर बसली, पाय अजून आत. धाप लागली होती. शेजारी चिंगी म्हणाली, "आली." गोगलगाय काठावर पोहोचली होती, आणि चिंगी तिच्यापुढे बोट धरून बसली होती, जगात दुसरं काही नसल्यासारखी.

मावशीने खाली बघितलं. तिच्या लोंबत्या पायांच्या अगदी समोर, चिखलात दोन लहान पावलं उमटलेली होती. शेजारी शेजारी, टाचा जुळवून, तिच्याकडे तोंड करून. थांबलेली.

आणि आता सगळे प्राणी मावशीकडे बघत होते.

खरं आहे ते सांगायला हवं. ती उतरली असती तर कदाचित जिवंत राहिली नसती, कदाचित काहीच झालं नसतं. हात पुढे केला असता, तर कदाचित तेवढ्यावर भागलं असतं. तिने काय केलं? तिने दोन्ही पाय वर ओढून घेतले.

तेवढ्यात मध्य खचला. आवाज झाला नाही. चिखल, फरश्या, ती दोन पावलं, सगळं आत ओतल्यासारखं गेलं. उरली एक गोल, दगडांनी बांधलेली काळी विहीर. खाली पाणी वाजलं, ते फार उशिरा. लोकांनी माना वर केल्या, तेव्हा काठावर एकही प्राणी नव्हता. चिंगीच्या बोटावर तेवढी गोगलगाय होती.

चौकशी व्हायचीच होती. वरून अधिकारी आले. विहीर शाळेच्याही आधीची निघाली. कोणी झाकली, का झाकली, कुठेच नोंद नाही. दोर सोडले, ते संपले, तळ लागला नाही. सर म्हणाले, मी तळं कोपऱ्यात काढलं होतं. बाई म्हणाल्या, मुलांनी ठरवलं. शेवटी अधिकारी मावशीकडे वळले. तिला म्हणाले, "खाली काहीतरी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, तर तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी पुढचा प्रश्न गिळला.

मग त्यांनी मुलांना विचारायचं ठरवलं. घाबरू नये म्हणून नाव न घालता. बाईंनी एका वहीतून बावीस कागद फाडून वाटले. प्रश्न एकच, जे झालं ते कोणामुळे झालं? मुलांनी लिहून, घड्या घालून खोक्यात टाकले. अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर टेबलावर एकेक उघडला. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, कोणामुळे नाही. तिघांनी लिहिलं होतं, सरांमुळे. ढोल्याने लिहिलं होतं, माझ्यामुळे, मी हात सोडला. चिंगीने गोगलगाय काढली होती. बाई शेजारी मोजत होत्या. बावीस झाले.

अधिकाऱ्यांनी खोकं उपडं केलं, तर तळाला चिकटलेला आणखी एक कागद निघाला. त्या वहीतला नव्हता. जाड, पिवळा, पाण्याने निथळत असलेला. घडीवर लहान बोटांचे निळसर काळे ठसे. त्यांनी तो जपून उलगडला, वाचला, आणि मावशीसमोर सरकवला.

अक्षरं मोठी होती, नुकतं लिहायला शिकलेल्या पोराची. शाई ओली होती. एकच शब्द लिहिला होता.

मावशी.